रक्त जातं कुठे?

रक्त तपासायला आपण लॅबमध्ये जातो. तिथली मुलगी दंडाला रबरी नळी आवळून बांधते, मूठ मिटायला सांगते आणि कोपराच्या खाचेत बोटानं शीर चाचपते. शीर टम्म फुगलेली असते. हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. पण शीर फुगते ती नळीच्या खाली, म्हणजे पंज्याच्या बाजूला. नळीच्या वर, खांद्याच्या बाजूला ती फुगत नाही. असं का, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. सुई टोचणार या धास्तीत तो पडायचा तरी कसा?

या साध्या प्रश्नात जवळजवळ दीड हजार वर्षांचं वैद्यक उलटंपालटं करण्याची ताकद होती. हातापायाला पट्टी आवळून शिरेतून रक्त काढणं हा युरोपातल्या वैद्यांचा रोजचा उद्योग होता. म्हणजे पट्टीच्या कोणत्या बाजूला शीर फुगते हे सगळ्यांनी हजारो वेळा पाहिलेलं होतं. तरी त्याचा अर्थ कोणी लावला नाही. कारण अर्थ आधीच ठरलेला होता, आणि तो ठरवला होता गेलननं.

गेलन हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला वैद्य. गाव पर्गमम, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बर्गामा. तरुणपणी त्यानं ग्लॅडिएटर योद्ध्यांच्या जखमा बांधल्या, पुढे रोममध्ये बादशहांचा वैद्य झाला. माणूस हुशार आणि कष्टाळू होता. धमन्यांमध्ये हवा असते असं त्याच्या आधीचे काही विद्वान मानत. गेलननं जिवंत प्राण्यांवर प्रयोग करून धमनीतही रक्तच असतं हे दाखवलं. पण माणसाचं प्रेत फाडायची सोय नव्हती. त्यानं माकडं, डुकरं, बैल फाडले आणि त्यावरून माणसाचं शरीर रचलं.

त्याचं म्हणणं असं. अन्नाचा रस आतड्यातून यकृतात जातो आणि तिथे त्याचं रक्त होतं. ते शिरांमधून बाहेर सगळ्या अंगभर जातं आणि जिथे जातं तिथे जिरतं. पाटाचं पाणी शेतात जिरतं, ते काही परत विहिरीत येत नाही, तसंच. थोडं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि मधल्या जाड पडद्यातल्या न दिसणाऱ्या छिद्रांमधून डाव्या बाजूला पाझरतं. तिथे त्यात श्वासातलं चैतन्य मिसळतं आणि ते धमन्यांतून निघतं. एकूण काय, यकृत हा कारखाना आणि सगळा प्रवास एकेरी.

असा विषय निघाला की आपल्याकडे एक प्रश्न हटकून येतो, हे आपल्या ग्रंथांत आधीच नव्हतं का? सुश्रुतसंहितेत रसाचं स्थान हृदय सांगितलं आहे आणि तो चोवीस धमन्यांतून शरीरभर जाऊन पोषण करतो असं म्हटलं आहे. सातशे शिरांचं मूळ मात्र नाभीत मानलं आहे. रसाला लाल रंग येतो तो यकृत आणि प्लीहेत. गेलनच्या कल्पनेशी याचं साम्य पाहण्यासारखं आहे. हृदयातून रस निघतो हे त्यांना जाणवलं होतं, यात शंका नाही. पण तेच रक्त फिरून परत येतं, हे मोजून आणि प्रयोग करून तिथे दाखवलेलं नाही. पूर्वजांचा मोठेपणा सिद्ध करायला त्यांच्या पदरात न केलेलं काम घालण्याची गरज नाही, असं माझं मत.

गेलनच्या इमारतीची पहिली वीट काढली ती इब्न अल-नफीस या वैद्यानं. मूळचा दमास्कसचा, काम केलं कैरोत, मृत्यू १२८८ मध्ये. हृदयाच्या मधल्या पडद्यात छिद्रं नाहीत, दिसणारी नाहीत आणि न दिसणारीही नाहीत, असं त्यानं स्पष्ट लिहिलं. मग उजवीकडचं रक्त डावीकडे जातं कसं? तर फुप्फुसातून. हे उत्तर बरोबर होतं. पण ते एका जुन्या ग्रंथावरच्या भाष्यात होतं आणि ते भाष्य विस्मृतीत गेलं. १९२४ मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या अल-ततावी नावाच्या इजिप्शियन डॉक्टरला त्याची हस्तलिखित प्रत बर्लिनच्या ग्रंथालयात मिळाली आणि जगाला ही गोष्ट कळली.

युरोपात हाच मुद्दा मायकेल सर्व्हेटसनं १५५३ मध्ये छापला, तोही धर्मशास्त्राच्या पुस्तकात. त्या पुस्तकातली धर्ममतं पाखंडी ठरली आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला त्याला जिनिव्हात जिवंत जाळण्यात आलं. त्याला जाळलं ते रक्ताबद्दलच्या मतासाठी नव्हे, हे नीट सांगायला हवं. पण पुस्तकाच्या प्रतीही नष्ट केल्या गेल्या, त्यातल्या तीनच मागे उरल्या.

आता इटलीतल्या पादुआला येऊ. तिथल्या विद्यापीठात १५९०च्या दशकात प्रेतविच्छेदनासाठी एक लाकडी सभागृह बांधलं गेलं. ते आजही उभं आहे. उभट नरसाळ्यासारखं, तळाशी टेबल आणि भोवती एकावर एक सहा लंबगोल कठडे. विद्यार्थी त्या कठड्यांना रेलून, दाटीवाटीनं उभं राहून खाली पाहायचे. तिथे शिकवणारे प्राध्यापक होते फॅब्रिशियस. शिरांच्या आतल्या छोट्या पडद्यांवर, म्हणजे झडपांवर, त्यांनी १६०३ मध्ये एक पुस्तिका काढली, सुरेख चित्रांसह. पण झडपा कशासाठी, याचं उत्तर त्यांनी गेलनच्या चष्म्यातून दिलं. रक्त बाहेर वाहताना एकदम हातापायांत साठू नये, त्याचा वेग आवरावा, म्हणून झडपा. वस्तू हातात होती, चित्र काढलेलं होतं, तरी अर्थ निसटला.

त्यांच्या विद्यार्थ्यांत एक बुटका, सावळा, तापट इंग्रज होता. विल्यम हार्वी. जन्म १५७८, पादुआची पदवी १६०२. इंग्लंडला परतून तो नामांकित डॉक्टर झाला, राजे पहिले जेम्स आणि नंतर पहिले चार्ल्स यांचा वैद्य झाला. फावल्या वेळात तो जिवंत प्राणी उघडून हृदय पाहत बसे. कुत्र्याचं हृदय इतकं भराभर चालतं की कोणता कप्पा कधी आवळला ते कळेना. हृदयाची हालचाल फक्त देवालाच ठाऊक असावी, असं आपल्याला वाटू लागलं होतं, हे त्यानं स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. मग त्यानं युक्ती काढली. बेडूक, साप, मासे अशा थंड रक्ताच्या प्राण्यांची हृदयं सावकाश चालतात, ती त्यानं पाहिली. मरत आलेल्या प्राण्याचं हृदय मंदावतं, तेही पाहिलं. आणि त्याला दिसलं की हृदय रक्त ओढून घेत नाही, ते आवळून रक्त बाहेर फेकतं. मूठ आवळावी तसं.

याच्या पुढची पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते. हार्वीनं हिशेब केला. मेलेल्या माणसाच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात त्याला दोन औंसांहून जास्त रक्त सापडलं होतं. पण कोणी हरकत घेऊ नये म्हणून त्यानं मुद्दाम कमी धरलं. समजा, एका ठोक्याला अर्धा औंसच रक्त बाहेर पडतं. अर्ध्या तासात ठोके धरले हजार. आपले खरे ठोके याच्या दुप्पट असतात. तरी अर्ध्या तासात पाचशे औंस झाले, म्हणजे सुमारे पंधरा किलो. दिवसाचे सुमारे सातशे किलो! अंगात रक्त ते केवढं? खाटकाला विचारा, असं हार्वी सांगतो. बैलाच्या गळ्याची रक्तवाहिनी कापली की पाव तासाच्या आत सगळं रक्त निघून जातं. मग हे सातशे किलो रोज येतं कुठून? एवढं रक्त तयार करायला माणसानं खायचं तरी किती? आणि ते जिरतं कुठे? शेतात एवढं पाणी सोडलं तर शेत वाहून जाईल.

उत्तर एकच उरतं. पाणी तेच आहे, ते फिरून परत येतं आहे.

हार्वीचा आकडा तसा चुकीचा होता. आज आपल्याला माहीत आहे की विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचं हृदय एका ठोक्याला सुमारे सत्तर मिलिलिटर रक्त फेकतं, मिनिटाला साधारण पाच लिटर. अंगातलं एकूण रक्तही साधारण तेवढंच असतं. म्हणजे सरासरी मिनिटाभरात सगळं रक्त एक फेरी मारून येतं. हार्वीनं याच्या कितीतरी कमी धरलं होतं. पण त्याचा युक्तिवाद भक्कम राहिला तो त्यामुळेच.

आणि मग तो दंडावरच्या पट्टीकडे वळला. पट्टी फार घट्ट बांधली की मनगटाची नाडी थांबते आणि हात थंड पडतो, कारण खोलवरची धमनीही दाबली जाते. पट्टी जरा सैल केली की धमनीतून रक्त हातात जाऊ लागतं, पण वरवरच्या शिरांतून परत येऊ शकत नाही. म्हणून पंज्याच्या बाजूच्या शिरा फुगतात. फुगलेल्या शिरेवर मधेमधे गाठी दिसतात, त्या फॅब्रिशियसच्या झडपा. हार्वी सांगतो, अशा शिरेवर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटानं तिथपासून वरच्या गाठीपलीकडे रक्त सारा. मधली शीर रिकामी पडते आणि वरून रक्त खाली येत नाही. खालचं बोट उचला, की ती लगेच भरते. घरी करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. शिरेतलं रक्त फक्त हृदयाकडे जातं, हे आपल्या हातावर आपल्यालाच दिसतं.

१६२८ मध्ये फ्रँकफर्टला हे पुस्तक छापून निघालं. लॅटिनमध्ये, पानं अवघी ७२, कागद सुमार आणि छपाईच्या चुका विपुल. परिणाम काय झाला? जॉन ऑब्रे या हार्वीच्या ओळखीच्या चरित्रकारानं लिहून ठेवलं आहे की पुस्तक आल्यावर हार्वीची प्रॅक्टिस चांगलीच घसरली, आणि लोक त्याला डोकं फिरलेला समजू लागले. त्यांचंही एका अर्थी चुकत नव्हतं. रक्त फिरत असेल, तर एका हाताचं रक्त काढून दुसऱ्या ठिकाणचा रोग कसा हटायचा? सगळ्या उपचारांचा पायाच हलत होता. पॅरिसच्या विद्यापीठातले विद्वान तर कित्येक वर्षं अडून बसले. फ्रेंच नाटककार मोलियेरनं १६७३ च्या आपल्या नाटकात रक्ताभिसरणाविरुद्ध प्रबंध लिहिणारा एक मठ्ठ तरुण डॉक्टर रंगवला, तो उगीच नाही.

हार्वीच्या सिद्धांतात एक भोक मात्र होतं. धमन्यांतलं रक्त शिरांत जातं कुठून? ती जोडणारी वाट त्याला कधीच दिसली नाही. १६५७ मध्ये तो गेला. १६६१ मध्ये इटलीत मार्चेल्लो माल्पिगीनं बेडकाच्या फुप्फुसावर सूक्ष्मदर्शक धरला आणि केसाहून बारीक नळ्यांचं जाळं पाहिलं. त्या केशवाहिन्या. या कामापायी आपण बेडकांची जातच जवळजवळ संपवली, असं त्यानंच लिहून ठेवलं आहे.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना शाळेपासून माहीत असते. पण शरीरात वाहिन्यांचं आणखी एक जाळं आहे, पांढऱ्या वाहिन्यांचं. त्याची गोष्ट कमी सांगितली जाते.

२३ जुलै १६२२. म्हणजे हार्वीचं पुस्तक यायच्या सहा वर्षं आधी. इटलीतला शल्यवैद्य गास्पारे असेल्ली काही मित्रांना स्वरयंत्राच्या चेता आणि श्वासपटलाची हालचाल दाखवत होता. टेबलावर जिवंत कुत्रा होता. श्वासपटल दिसावं म्हणून त्यानं आतडी बाजूला केली, तर आतड्यावरच्या पातळ पडद्यात पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. चेता असतील असं त्याला वाटलं. एक दोरा त्यानं टोचला तर आतून दुधासारखा द्रव आला. तोवर कुत्रा मेला आणि बघता बघता सगळे दोरे दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरा कुत्रा घेतला. काहीच दिसेना. बाकीचे म्हणाले असते, काल भास झाला. असेल्लीला आठवलं की कालचा कुत्रा पोटभर खाल्लेला होता, आजचा उपाशी आहे. मग त्यानं तिसऱ्या कुत्र्याला आधी खाऊ घातलं आणि नंतर उघडलं. पांढऱ्या दोऱ्या हजर! अन्नातली चरबी शोषून नेणाऱ्या वाहिन्या होत्या त्या. भूल नव्हती, त्यामुळे त्या कुत्र्यांनी काय सोसलं असेल याची कल्पना करवत नाही.  असेल्लीच्या मृत्यूनंतर, १६२७ मध्ये, त्याचं पुस्तक निघालं, रंगीत चित्रांसह. शरीररचनेच्या छापील पुस्तकात रंगीत चित्रं येण्याची ती पहिली वेळ.

माणसातही हे असतं का, हे कसं पाहायचं? फ्रान्समधल्या पेरेस्क नावाच्या विद्याव्यासंगी गृहस्थानं १६३४ मध्ये फाशीच्या एका कैद्याला आधी भरपेट जेवण द्यायची व्यवस्था केली, आणि नंतर त्याचं प्रेत उघडवलं. वाहिन्या दिसल्या. त्या जेवणाचं कारण कैद्याला सांगितलं असेल का, हा विचार मनातून जात नाही.

असेल्लीची एक चूक झाली. हा पांढरा रस यकृतात जातो असं त्यानं मानलं. पुन्हा गेलनच! ती चूक सुधारली ती झाँ पेके या फ्रेंच तरुणानं, १६५१ मध्ये. कुत्र्याचं हृदय काढल्यावर मोठ्या शिरेत त्याला पांढरा द्रव दिसला. उलट्या वाटेनं माग काढत तो पाठीच्या कण्यालगत वर चढणाऱ्या एका नळीपर्यंत पोचला. सगळा रस या नळीतून वर जातो आणि डाव्या खांद्यामानेच्या सांध्यापाशी थेट शिरेत पडतो. वाटेत यकृत लागतच नाही.

आता हार्वीनं हे ऐकून काय म्हणावं? तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. यादवी युद्धात त्याचं घर लुटलं गेलं होतं, वर्षानुवर्षांची टिपणं गेली होती, त्याच्या राजाचा शिरच्छेद झाला होता. पत्रांतून त्यानं कळवलं की हे आपल्याला पटत नाही. शिरा असताना अन्नरसाला वेगळी वाट कशाला हवी? ज्या माणसानं दीड हजार वर्षांच्या समजुतीला हिशेबानं हरवलं, त्यानंच पुढचा शोध नाकारला. याला म्हातारपणाचा हेका म्हणून सोडून देणं मला योग्य वाटत नाही. त्याच्या सिद्धांताचं सौंदर्यच हे होतं की एकच वर्तुळ पुरतं. दुसरी वाट मान्य करणं त्याला जड गेलं असावं.

पुढचं काम दोन तरुणांनी जवळजवळ एकाच वेळी केलं. स्वीडनमध्ये ओलोफ रुडबेक, वय बावीसच्या आत, यानं १६५२ च्या वसंतात राणी क्रिस्तिनासमोर प्रात्यक्षिक केलं. या वाहिन्या फक्त आतड्यापुरत्या नाहीत, यकृतातूनही निघतात आणि त्यांतला द्रव पाण्यासारखा स्वच्छ असतो, हे त्यानं दाखवलं. डेन्मार्कमध्ये थॉमस बार्थोलिननं तेच १६५३ मध्ये छापलं आणि त्यांना नाव दिलं, लसीकावाहिन्या. आधी कोण, यावरून दोघांत जोरदार भांडण झालं. बार्थोलिननं यकृताचा मृत्युलेखही गमतीनं लिहिला. रक्त बनवण्याचा मान गेलेलं यकृत आता मेलं म्हणून! रुडबेकनं पुढे आपली विद्वत्ता स्वीडन हेच बुडालेलं अ‍ॅटलांटिस खंड होतं हे सिद्ध करण्यात खर्च केली, ती गोष्ट वेगळी.

या जाळ्याचं काम तरी काय? केशवाहिन्यांतून रक्तातलं पाणी आणि थोडी प्रथिनं सतत बाहेर पाझरत असतात. त्यातलं काही लिटर पाणी रोज मागे राहतं. ते गोळा करून पुन्हा रक्तात पोचवतात लसीकावाहिन्या. त्यांना हृदयासारखा पंप नाही. स्नायूंची हालचाल, श्वास, वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन आणि पुन्हा त्या झडपा, यांवर त्यांचा कारभार चालतो. एसटीच्या लांबच्या प्रवासात पाय लोंबकळत राहिले की सूज येते, त्यामागे एक कारण हेही. वाटेत गाठींची ठाणी आहेत, तिथे जंतू अडवले जातात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं असं आपल्या आज्या म्हणायच्या, ते अवधाण म्हणजे झुंजणारी लसीकाग्रंथी. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या या गाठी काढाव्या लागल्या तर काही स्त्रियांचा हात सुजतो, तोही याच कारणानं.

आणि हत्तीरोग. विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा या भागांना तो सांगायला नको. धाग्यासारखा जंत याच वाहिन्यांत मुक्काम करतो, त्यांना बिघडवतो आणि पायाचा खांब होतो. जंताची पिल्लं माणसाच्या रक्तात टिमोथी लुईस यांना सापडली ती १८७२ मध्ये, आपल्याच देशात, कलकत्त्यात. पाच वर्षांनी चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी तीच पिल्लं डासाच्या पोटात पाहिली. ही पिल्लं रात्रीच रक्तात वर येतात. म्हणून आरोग्य कर्मचारी या गावांत रात्री साडेआठनंतर बोटाचं रक्त घ्यायला दारात येतात. देशभर वर्षातून एकदा सगळ्यांना एकत्र गोळ्या देण्याची मोहीम २००४ मध्ये सुरू झाली. ‘मला काही झालेलं नाही, मी का खाऊ?’ असं म्हणून अनेक जण ती गोळी खिशात ठेवतात. पण पाय सुजेपर्यंत बरीच वर्षं जातात, आणि तोवर त्या माणसाच्या रक्तातून डास पिल्लं शेजारच्या घरात नेत असतो. सुजलेला पाय गोळीनं पूर्ववत होत नाही.

इटलीत पाओलो मास्कान्यी नावाचे शरीरशास्त्रज्ञ होऊन गेले. काचेच्या बारीक नळीनं या वाहिन्यांत पारा भरून त्यांनी सगळ्या देहाचा नकाशा काढला आणि १७८७ मध्ये छापला. मेंदूच्या आवरणातही लसीकावाहिन्या आहेत असं त्यांनी त्यात म्हटलं. त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. मेंदूला लसीकावाहिन्या नसतात, असंच पुढची दोनशे वर्षं पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं, डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी तेच पाठ केलं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीत उंदरांच्या मेंदूच्या आवरणात त्या स्पष्ट दिसल्या. दोन वर्षांनी एमआरआयवर त्या जिवंत माणसातही दिसल्या, मास्कान्यींनी सांगितल्याप्रमाणे मेंदूच्या आवरणातच.